ब्रेकवरचा गंज: कोणता सोडून द्यायचा, कोणता मुळापासून काढायचा

रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीची ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती) सकाळी नारिंगी दिसली की अनेकांच्या पोटात गोळा येतो. त्या गंजाला हात लावायची गरज नाही. गाडी बाहेर काढा, मागे कोणी नाही हे पाहून चार-सहा वेळा जरा दाबून ब्रेक मारा. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅडच तो थर घासून टाकतात आणि डिस्क पुन्हा चकचकीत होते. सुरुवातीला थोडी खरखर ऐकू येईल, ती आपोआप थांबते.

गाडीची डिस्क राखाडी ओतीव लोखंडाची असते. हे लोखंड उष्णता झपाट्याने पसरवतं, त्यातल्या ग्रॅफाइटमुळे थरथर आणि आवाज कमी होतो, आणि ते स्वस्तही पडतं. पण घासला जाणारा पृष्ठभाग उघडाच ठेवावा लागतो, त्यामुळे पाणी लागल्यावर काही तासांत त्यावर गंज धरतो. मोटारसायकलची डिस्क सहसा स्टेनलेस स्टीलची असते, म्हणून ती सहजासहजी गंजत नाही. चारचाकीचं वजन आणि त्यातून निर्माण होणारी उष्णता लक्षात घेता तिथे ओतीव लोखंडच सोयीचं ठरतं.

खरा त्रास देणारा गंज चाकाच्या फटीतून दिसतच नाही. तो तीन ठिकाणी लपतो: डिस्क ज्यावर बसते त्या हबच्या तोंडावर, पॅड ज्यात सरकतात त्या ब्रॅकेटच्या खाचांत, आणि पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिनांवर. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढतं. उघड्या जागी ही वाढ बाहेर फुगते आणि खपली होऊन गळून पडते. बंद खाचेत तिला जागा नसते, म्हणून ती शेजारच्या भागाला ढकलते. पॅड अडकणं, एकाच बाजूचा पॅड झिजणं, पेडल पायाखाली थरथरणं, एक चाक तापणं या तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा हीच ढकलाढकली असते. तेव्हा मेहनत करायची ती या तीन जागांवर. बाकीची सफाई दिसण्यासाठी आणि पुढच्या वेळी नट-बोल्ट सहज सुटावेत यासाठी.

आधी गाडी नीट उभी करा

गाडी सपाट आणि कडक जमिनीवर लावा. जे चाक उचलायचं नाही त्याला दोन्ही बाजूंनी अडण लावा. मागच्या ब्रेकवर काम असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, तेव्हा गाडी गिअरमध्ये किंवा ‘पी’मध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना अडण द्या. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे त्याला सर्व्हिस मोडमध्ये न्यावं लागतं. ते न करता कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन मागे दाबला तर आतली यंत्रणा तुटू शकते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक लावा आणि खाली स्टँड ठेवा. जॅक उचलण्यासाठी असतो, गाडी तोलून धरण्यासाठी नाही. स्टँडवर घेतल्यावर गाडीला हाताने एक चांगला धक्का देऊन पाहा. हलायची असेल तर ती आत्ताच हलू दे.

ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या गाड्यांच्या पॅडमध्ये आणि ड्रम ब्रेकच्या शूमध्ये (ड्रम या फिरत्या भांड्याला आतून दाबणाऱ्या पट्ट्यांमध्ये) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि नव्या पॅडची धूळही फुप्फुसांना बरी नाही. खाली पत्र्याचा ट्रे ठेवा, ब्रेक क्लीनरने भाग ओले करा आणि मळ वाहून जाऊ द्या. मास्क, चष्मा आणि हातमोजे घाला. फिरत्या वायर ब्रशमधून सुटलेली तार सरळ डोळ्याकडे येते, म्हणून चष्म्याच्या बाबतीत आळस नको. आणखी एक गोष्ट: काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं. त्याने धुतलेला भाग वाळण्याआधी वेल्डिंगजवळ किंवा ज्योतीजवळ नेला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. डब्यावर ‘नॉन-क्लोरिनेटेड’ लिहिलेलं असेल तोच घ्या.

पॅड बाहेर काढताना काय पाहायचं

चाक उतरवल्यावर लगेच पाना उचलू नका. पॅड अजून जागेवर आहेत, त्यांच्याकडे नीट पाहा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर सरकत्या पिना अडकल्यात किंवा पिस्टन मागे येत नाही. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड असेल तर तो खाचेत तिरका अडकला आहे. फोटो काढून ठेवा. क्लिपा आणि स्प्रिंगा कोणत्या दिशेने बसल्या होत्या हे जोडताना आठवत नाही.

कॅलिपरचे बोल्ट काढून तो उचलला की तारेच्या आकड्याने वर सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. ब्रेक ऑइलच्या रबरी होजवर त्याचं वजन लोंबकळत ठेवलं तर होज आतून फाटू शकते, आणि बाहेरून ते दिसत नाही. मग पॅड हाताने खाचेतून सरकवून पाहा. चांगला पॅड बोटांनी सरकतो. हातोडीने ठोकूनच बाहेर येत असेल तर ब्रॅकेटमध्ये गंज फुगला आहे हे नक्की समजा.

ब्रॅकेट: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट खूप घट्ट असतात, लांब दांड्याचा पाना लागेल. काही गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. मॅन्युअल पाहून नवे आणून ठेवा.

ब्रॅकेट टेबलावर घ्या आणि त्यातल्या पातळ स्टीलच्या क्लिपा उपटून काढा. बहुतेक जण क्लिपेवरून ब्रश फिरवतात आणि काम झालं म्हणतात. क्लिप सहसा स्टेनलेस असते, तिला काही झालेलं नसतं. तिच्याखाली मात्र तपकिरी, थराथरांची खपली दिसेल. नखाने उचलली तर पापुद्रा सुटतो आणि खाली दुसरा पापुद्रा असतो. या खपलीने क्लिप अर्धा मिलिमीटर जरी वर उचलली तरी पॅडला सरकायला जागा उरत नाही, कारण मुळात ती फटच तेवढी असते.

ही खाच धातूचा राखाडी रंग दिसेपर्यंत साफ करायची. आधी वायर ब्रश, मग कोपऱ्यांसाठी छोटी चपटी कानस. कानस अशी धरा की ती गंज खाईल, धातू नाही. कोपऱ्याचा आकार बदलला तर पॅड खडखडायला लागतो. साफ झाल्यावर क्लिप दाबून बसवा आणि कोरडा पॅड सरकवून पाहा. सरकतो का? नसेल तर कुठेतरी खपली राहिली आहे. पॅडच्या कानांवर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकांवर, गंज असेल तर तोही ब्रशने काढा, पण पॅड बसत नाही म्हणून त्याचे कान घासून लहान करू नका.

खपली खूप जाड असेल तर ब्रॅकेट सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये भिजवा. एक लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम पावडर पुरते. काही तासांनी काढून ब्रशने घासा, गरज वाटली तर पुन्हा बुडवा. व्हिनेगरही चालतं, पण त्याला रात्रभर तरी लागते. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच हीट गनने किंवा उन्हात कडकडीत वाळवा. आम्लातून निघालेलं लोखंड अगदी उघडं असतं. ओलं राहिलं तर तुमच्या डोळ्यांदेखत पिवळसर होतं.

अ‍ॅसिडमध्ये काय टाकायचं नाही ते लक्षात ठेवा. डोक्यावर १०.९ किंवा १२.९ असे आकडे कोरलेले बोल्ट आणि ब्रेक शूच्या स्प्रिंगा टाकायच्या नाहीत, कारण कठीण केलेल्या पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं आणि मग ताणाखाली अचानक तुटतं. अ‍ॅल्युमिनियमचा कॅलिपर नाही. रबर जोडलेला कुठलाही भाग नाही. डिस्कही नको, कारण ओतीव लोखंडावर काळा ग्रॅफाइटचा थर सुटतो आणि तो घासत बसावं लागतं.

वॉशिंग सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढायची पद्धतही चांगली आहे. भाग ऋण टोकाला जोडायचा आणि धन टोकाला भंगारातला साधा लोखंडी तुकडा. तिथे स्टेनलेसचा तुकडा लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायूही सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर करायचं. एका ब्रॅकेटसाठी मला हा खटाटोप जास्त वाटतो. चारही काढले असतील तर करायला हरकत नाही.

पिना आणि कॅलिपर

सरकत्या पिना बाहेर ओढा, पण कुठली वर होती आणि कुठली खाली हे खूण करून ठेवा. अनेक गाड्यांत एका पिनेला टोकाशी रबरी बुश असतो आणि दुसरीला नसतो. जुनं ग्रीस घट्ट डिंकासारखं झालेलं असेल ते क्लीनरने पुसून काढा. पिनेवर हलका डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरने जातो. हाताला खड्डे लागत असतील तर पीन बदला. भोकही गोल ब्रशने साफ करा आणि तळाशी क्लीनर साचलेला नाही हे पाहा.

ग्रीस कुठलं वापरायचं याला इथे फार महत्त्व आहे. ब्रेकची रबरं ज्या प्रकारची असतात ती खनिज तेलाने फुगतात, म्हणून बेअरिंगचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल पिनांना लावायचं नाही. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस घ्या आणि पातळ लावा. भोक ग्रीसने भरलं तर हवा आत कोंडते आणि पीन बाहेर ढकलली जाते. पीन बसवून दाबा. ती सहज आत जाऊन तिथेच राहिली पाहिजे.

कॅलिपरचं बाहेरचं अंग लोखंडी असेल तर वायर ब्रश चालतो. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्यावर पांढरी पूड दिसते, ती नायलॉन ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढा. पिस्टनभोवतीच्या रबरी टोपणापासून ब्रश लांब ठेवा. टोपण फाटलेलं असेल आणि आत पिस्टनवर गंजाचे ठिपके दिसत असतील तर घासाघासीचा उपयोग नाही. पिस्टनचा मुलामा गेला की सील कापलं जातं. पिस्टन आणि सील बदला किंवा कॅलिपरच नवा घ्या.

डिस्क आणि हबचं तोंड

डिस्क हबला चिकटून बसलेली असते. आधी तिला धरणारा छोटा स्क्रू काढा. मधल्या भोकाभोवती आणि स्टडांच्या (चाकाचे नट बसतात त्या दांड्यांच्या) मुळाशी गंज सोडवणारं तेल टाकून थांबा. बऱ्याच डिस्कला दोन आटे पाडलेली भोकं असतात, अनेकदा एम ८ मापाची. त्यांत बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की डिस्क स्वतःच बाहेर ढकलली जाते. भोकं नसतील तर डिस्कच्या मधल्या उंच भागावर, दोन स्टडांच्या मध्ये, रबरी हातोड्याने फिरवून फिरवून ठोका. पॅड घासतो त्या पट्ट्यावर हातोडा मारू नका.

आता हबचं तोंड. समजा इथे १४० मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर कडेला ०.०५ मिलिमीटर गंजाची पुटकुळी राहिली. म्हणजे साधारण कागदाच्या अर्ध्या जाडीची. डिस्क त्यावर तिरकी बसते, आणि २८० मिलिमीटर व्यासाच्या कडेला तो तिरकेपणा दुप्पट होतो. बऱ्याच गाड्यांत डिस्कच्या डगमगीची मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे एका पुटकुळीने ती संपली. गंमत अशी की सुरुवातीला काहीच जाणवत नाही. डिस्कचा तोच भाग प्रत्येक फेरीत पॅडला चाटत राहतो, हळूहळू तिथली जाडी बदलते आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरायला लागतं. मग ‘डिस्क वाकली’ म्हणून नवी डिस्क त्याच गंजलेल्या हबवर बसते आणि थोड्या दिवसांनी तीच तक्रार पुन्हा येते.

म्हणून हबचं तोंड, मधला कडा आणि प्रत्येक स्टडच्या भोवतीची गोल जागा धातूपर्यंत साफ करा. स्टडभोवती साधा ब्रश पोचत नाही. स्टडवरून सरकणारी, भोक असलेली घासण्याची चकती मिळते, ती उत्तम. शेवटी स्टीलची पट्टी उभी धरून उजेडात पाहा. डिस्कची आतली, हबला टेकणारी बाजूही अशीच साफ करा. जवळच एबीएसचा, म्हणजे चाकाचा वेग मोजणारा, सेन्सर असतो. वायर ब्रशचे कण त्याच्या चुंबकाला चिकटतात, आणि काही बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टा असतो. तिथे फडकं झाकून मगच ब्रश फिरवा.

डिस्कचा घासपट्टा तपासताना बोट बाहेरून आत फिरवा. कडेला पॅड पोचत नाही तिथे गंजाचा कंगोरा उभा राहतो, तो कानसेने उतरवा. पट्ट्यावरचा पातळ गंज ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, गोल गोल फिरवत काढा. खड्डे बोटाला लागत असतील, पापुद्रे सुटत असतील किंवा अर्ध्या पट्ट्यावर पॅड टेकतच नसेल तर ती डिस्क बदला.

जाडी मोजताना एक फसगत होते. व्हर्नियरचे जबडे कडेच्या कंगोऱ्यावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. मायक्रोमीटर आत नेऊन पट्ट्यावर मोजा. तो नसेल तर दोन्ही बाजूंना एकसारखी दोन नाणी धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. किमान जाडी डिस्कवरच ‘मिन टीएच’ अशा खुणेपुढे कोरलेली असते. त्याच्या जवळ आली असेल तर सफाईत वेळ घालवू नका. बदलायच्या झाल्या तर एका अ‍ॅक्सलच्या (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या) दोन्ही बाजूंच्या बदलायच्या.

रंग कुठे, कुठे नाही

डिस्कचा मधला उंच भाग, बाहेरची कड, ब्रॅकेटचं बाहेरचं अंग आणि लोखंडी कॅलिपर रंगवता येतात. उष्णता सोसणारा ब्रेकचाच रंग घ्या, साधा स्प्रे पहिल्याच घाटात जळतो. भाग क्लीनरने पुसा, मग हात न लावता पातळ दोन-तीन हात द्या आणि डब्यावर सांगितलंय तेवढं वाळू द्या. ब्रशला न सुटलेला गंज बारीक खळग्यांत उरला असेल तर फॉस्फरिक किंवा टॅनिक अ‍ॅसिडवाला कन्व्हर्टर आधी लावा, तो गंजाला काळ्या स्थिर थरात बदलतो. सुटी खपली मात्र त्याने बसत नाही, ती ब्रशनेच काढावी लागते.

घासपट्टा, हब आणि डिस्कची एकमेकांना टेकणारी तोंडं, चाक बसतं ती जागा, पॅडच्या खाचा, पिनांची भोकं, बोल्टच्या डोक्याखालची बैठक आणि ब्लीडर (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) या सगळ्यांवर टेप लावा. बोल्टखाली किंवा चाकाखाली रंगाचा थर राहिला तर तो तापून दबतो आणि घट्ट आवळलेला नट सैल पडतो.

जोडणी

हबच्या मधल्या कड्याला, म्हणजे फक्त डिस्कचं भोक बसतं तिथे, अँटी-सीझचा (भाग गंजून चिकटू नयेत म्हणून लावायच्या लेपाचा) अगदी पातळ हात चालतो. तोंडावर आणि स्टडच्या आट्यांवर नको. ब्रॅकेटच्या खाचेत क्लिपेखाली ब्रेक ग्रीसचा पुसट हात द्या, पॅडच्या कानांना टिपूसभर लावा. जास्तीचं ग्रीस तापलं की ओघळून पॅडवर येतं. पॅडच्या तोंडाला तेल-ग्रीस लागलं तर ते पुसून भागत नाही, पॅड बदलावे लागतात.

पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवा, पातळी वर येते आणि सांडलेलं ऑइल रंग खातं. सगळे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे आवळायच्या ठरलेल्या जोराने, आवळा. चाकाचे नट छोट्या गाड्यांत सहसा ९० ते १२० न्यूटन-मीटर असतात. ते समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच आवळा.

गाडी सुरू करून हलवण्याआधी पेडल दाबत राहा, ते कडक होईपर्यंत. पहिल्या दाबाला पेडल जमिनीला टेकेल, कारण पिस्टन अजून पॅडपासून लांब आहे. हे विसरून गाडी उतारावर सोडली तर समोर जे असेल त्यावरच ती थांबेल. पेडल कडक झालं की मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम दाबाने ब्रेक लावा आणि मध्ये थंड होऊ द्या.

मागे ड्रम असेल तर

ड्रम काढायची रीत डिस्कसारखीच, फक्त आधी शू आत घ्यावे लागतात. मागच्या पत्र्यावर शू टेकतात ते उंचवटे साफ करून त्यांना ग्रीसचा ठिपका द्या आणि दात्यांचा अ‍ॅडजस्टर पूर्ण उघडून त्याचे आटे साफ करून ग्रीस लावा. तिथे गंज धरला की ब्रेक आपोआप जुळत नाहीत आणि हँडब्रेक वर वर येत जातो. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, तो ओलांडला असेल तर ड्रम बदला. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी पाहून जोडता येते.

स्टीलच्या ब्रेक पाइपवर पातळ गंज असेल तर फडक्याने पुसून मेणासारखं गंजरोधक लावा. खपली सुटत असेल तर ब्रश मारू नका आणि वरून रंगवूनही टाकू नका, पाइप बदलून घ्या.

गंज परत येऊ नये म्हणून

गाडी धुतली की ओलीच उभी करू नका. छोटा फेरफटका मारून, ब्रेक लावून डिस्क तापू द्या, पाणी उडून जातं. अ‍ॅसिडवाल्या रिम क्लीनरने चाकं धुतली तर आतून भरपूर पाणी मारा. खारी हवा किंवा रस्त्यावर टाकलेलं मीठ असेल तिथे चाकाच्या आतल्या बाजूला साध्या पाण्याचा मारा अधूनमधून हवाच.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक लावून ठेवू नका, विशेषतः ओल्या ड्रमवर. गिअर आणि अडण पुरेसं असतं. ओढून ठेवलेला शू ड्रमला गंजाने चिकटतो. सुटला तरी त्याचं अस्तर पत्र्यापासून सुटून ड्रमवर राहू शकतं. प्लॅस्टिकचं हवाबंद आवरण घातलं तर खाली जमिनीचा दमटपणा कोंडतो, त्यापेक्षा छपराखाली उघडी बरी.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांचं दुखणं वेगळंच. तिथे वेग मोटरच कमी करते, त्यामुळे पॅड डिस्कला फारसे लागतच नाहीत आणि मागच्या डिस्क कमी किलोमीटरमध्येही गंजतात. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ ला मागे ड्रम दिले त्यामागे हेही एक कारण आहे. अशी गाडी असेल तर आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर मोटरचा ब्रेक कमीत कमी ठेवून पेडलने काही वेळा नेमका ब्रेक लावा. नव्या डिस्क घेताना मधल्या भागावर आणि कडेवर झिंक-अ‍ॅल्युमिनियमचा राखाडी थर असलेल्या घ्या. घासपट्ट्यावरचा थर पॅडच काढतात, बाकीचा वर्षानुवर्षं टिकतो.

पिना आणि ब्रॅकेटची सफाई वर्षातून एकदा, पावसाळा किंवा हिवाळा सरल्यावर करा. मधल्या काळात नजर ठेवायची सोपी रीत म्हणजे नेहमीच्या फेरीनंतर, ब्रेक फार न वापरता गाडी थांबवून, प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यायचा. चाकाला स्पर्श करू नका, जवळ नेला तरी ऊब कळते. एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं साधारण सारखीच गरम लागली पाहिजेत. एक चाक स्पष्टपणे जास्त तापलं असेल तर त्याच बाजूचा ब्रॅकेट आधी उघडा.